गल्ला संगीत: आफ्रिकेचा वारसा की अमेरिकेच्या भूमीवरची नवनिर्मिती?

मृण्मयी:
दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहणाऱ्या, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज असलेल्या गल्ला-गीची समाजाच्या संगीताला 'अमेरिकी लोकसंगीत' असे म्हणून मोकळे होण्याची पद्धत मला मान्य नाही. या संगीताचा पाया पश्चिम आफ्रिकेत आहे आणि तो तसा स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे.

भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झो डाऊ टर्नर यांनी 1930च्या दशकाच्या आरंभी जॉर्जियातील हॅरिस नेक येथे अमेलिया डॉली यांच्या आवाजात एक गाणे ध्वनिमुद्रित केले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून आलेले हे गाणे त्यांना पाठ होते, त्याचा अर्थ मात्र ठाऊक नव्हता. त्यातले शब्द सिएरा लिओनमधील मेंदे भाषेचे निघाले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ओपाला, संगीताच्या अभ्यासक सिंथिया श्मिट आणि सिएरा लिओनचे भाषातज्ज्ञ ताझिएफ कोरोमा यांनी गावोगाव चौकशी केली, तेव्हा सेनेहुन न्गोला या गावी बेंदू जबाती यांना जवळजवळ तेच गाणे आजीकडून मिळाले असल्याचे आढळले. तिकडे ते अंत्यविधीचे गाणे होते. अमेलियाबाईंची कन्या मेरी मोरन 1997मध्ये त्या गावी जाऊन आल्या. गुलामांच्या जहाजातून आलेले शब्द अर्थ हरवूनही पिढ्यान्‌पिढ्या टिकले असतील, तर त्याला वारसा म्हणायला कचरण्याचे कारण काय?

पूर्वरंग:
मृण्मयीताई, त्या गाण्याचे मोल मी नाकारत नाही. पण ते अपवाद आहे म्हणूनच इतके गाजले, हे आपण ध्यानात घ्यावे. शिवाय सिएरा लिओनमध्ये जे मृत्यूचे गाणे होते ते जॉर्जियात घरच्या मुलांसमोर म्हणायचे गाणे झाले. ध्वनी उरले, पण ते ज्या विधीचे अंग होते तो विधी समुद्रापलीकडेच राहिला.

'पश्चिम आफ्रिकेत पाया' या म्हणण्यातही घाई आहे. 1730च्या दशकात दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन बंदराच्या धक्क्यावर उतरवल्या गेलेल्या गुलामांत सर्वाधिक भरणा अंगोला-काँगो भागातल्यांचा होता, आणि 1739च्या तिथल्याच स्टोनो नदीकाठच्या गुलामांच्या उठावातही तेच पुढे होते. भातशेतीबाबत हाच वाद झालेला आहे. कॅरोलायनातील भातशेतीचे ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी आणले, असे ज्युडिथ कार्नी यांनी 2001मध्ये मांडले. डेव्हिड एल्टिस, फिलिप मॉर्गन आणि डेव्हिड रिचर्डसन यांनी 2007मध्ये गुलामव्यापाराच्या नोंदी तपासून त्यावर गंभीर आक्षेप घेतले. अनेक भाषांची, अनेक प्रदेशांची माणसे एका मळ्यावर जबरदस्तीने एकत्र आणली गेली आणि त्यांनी बायबलमधल्या कथा घेऊन स्वतःची गाणी रचली. ही निर्मिती त्यांची आहे. तिला 'टिकून राहिलेली आफ्रिका' म्हटले की निर्माते केवळ राखणदार ठरतात, आणि मला हे त्यांच्यावर अन्याय करणारे वाटते.

मृण्मयी:
अंगोलाचा मुद्दा मी स्वीकारते. 'पश्चिम आणि मध्य आफ्रिका' असेच म्हणायला हवे. पण शब्द आणि विधी एवढ्यापुरतेच वारशाला मोजणे मला अपुरे वाटते. 'रिंग शाउट' हा गोलाकार फिरत गाण्याचा धार्मिक प्रकार घ्या. एक मुख्य गायक ओळ उचलतो, मागचे गायक ती झेलतात, एक जण काठीने लाकडी जमिनीवर ठोका धरतो, टाळ्या त्या ठोक्याच्या मधल्या जागा भरतात आणि माणसे घड्याळाच्या उलट दिशेने पाय घासत फिरतात. पाय एकमेकांवरून जाता कामा नये, कारण तसे झाले की तो नाच ठरतो आणि चर्चच्या दृष्टीने नाच म्हणजे पाप. बंधन ख्रिस्ती आहे. पण त्या बंधनाच्या आत तालाची जी गुंफण होते ती इंग्रज मळेवाल्यांच्या प्रार्थनागीतांतून आलेली नाही. स्टोनोच्या उठावानंतर दक्षिण कॅरोलायनात 1740च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी केली, तरी ताल हातापायांत आणि काठीत शिल्लक राहिला. कोणता ताल कुठल्या ठोक्यावर बसवायचा ही समज सोबत आणलेली असल्याशिवाय हे घडत नाही. ज्यांनी नवे रचले त्यांनी ते रिकाम्या हातांनी रचले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

शरयू:
दोघांच्याही मांडणीत जमीन सुटली आहे. ज्या हॅरिस नेकमध्ये ते मेंदे गाणे सापडले, तेथील कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन संघराज्य सरकारने 1942मध्ये विमानतळासाठी घेतली, आणि आज तिथे वन्यजीव अभयारण्य आहे. दक्षिण कॅरोलायनातील हिल्टन हेड बेटाला 1956मध्ये पूल जोडला गेला आणि पाठोपाठ गोल्फची मैदाने आणि रिसॉर्ट आले. अमेरिकी काँग्रेसने 2006मध्ये गल्ला-गीची सांस्कृतिक वारसा पट्टा जाहीर केला, हे चांगलेच झाले. पण जॉर्जियातील सपेलो बेटावरच्या हॉग हॅमॉक या गल्ला-गीची वस्तीत मोठी घरे बांधण्यास मुभा देणारा बदल स्थानिक प्रशासनाने 2023मध्ये केलाच. जॉर्जियातील बोल्डनची मॅकिन्टॉश काउंटी शाउटर्स ही मंडळी 31 डिसेंबरच्या रात्री आपल्याच वस्तीत शाउट करत आली, म्हणून ती परंपरा तुटली नाही. उगम सिएरा लिओनमध्ये शोधायचा की अंगोलात, यापेक्षा ती रात्र साजरी करायला वस्ती उरते की नाही, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो.

पूर्वरंग:
शरयूताई, निकडीबद्दल दुमत नाही, मात्र दोन्ही प्रश्न वेगळे ठेवता येतील असे मला वाटत नाही. न्यायालयात किंवा नियोजन मंडळापुढे 'हा आफ्रिकेचा दुर्मीळ अवशेष आहे' असे सांगून वस्ती वाचवायची, की 'ही आमच्या पूर्वजांनी याच मातीत घडवलेली गोष्ट आहे' असे सांगून? दुसऱ्या दाव्याने त्यांचा जमिनीवरचा हक्क अधिक थेट उभा राहतो. मृण्मयीताईंचा तालाबद्दलचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. बंदीनंतर काठीने ढोलाची जागा घेतली, यात आणलेले आणि घडवलेले वेगळे काढता येत नाही, आणि माझ्या आधीच्या प्रतिसादात मी ते वेगळे काढण्याचा आग्रह धरला होता.