‘विठ्ठल’ हे व्यक्तिनाव: उगम आणि धारक

प्रश्न: आमच्या घरातल्या पितळी घागरीच्या काठावर पणजोबांचे नाव ‘विठू’ असे कोरलेले आहे, तर सातबाऱ्यावर तेच ‘विठ्ठल’ असे आहे. मुलाला हे नाव ठेवायचे मनात असल्याने त्याचा इतिहास जाणून घ्यावासा वाटतो.

उत्तर: ‘विटेवर उभा तो विठ्ठल’ ही फोड भाविकांत रूढ असली, तरी अनेक अभ्यासक हे नाव ‘विष्णु’च्या कानडी रूपाशी जोडतात, कर्नाटकातील होयसळ घराण्याचा राजा विष्णुवर्धन याचे मूळ नाव बिट्टिदेव (‘बिट्टि’ म्हणजे ‘विष्णु’चे कानडी रूप) होते, हा दुवा मला फार महत्त्वाचा वाटतो. व्यक्तिनाव म्हणूनही ते जुनेच आहे, कारण तेराव्या शतकातील ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंतच होते. ‘विठोजी’ हे त्याचेच रूप. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी यांच्या भावाचे नाव विठोजी होते.

उत्तर: अर्वाचीन काळात मी प्रथम महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव घेईन. १८७३ मध्ये जमखंडीस जन्मलेल्या शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. त्यांच्याइतके हे नाव सार्थ करणारा दुसरा कोणी मला दिसत नाही.

उत्तर: गुजरातेतही हे नाव आहे. गुजरातेत मोठा अनुयायी वर्ग असलेल्या पुष्टिमार्ग या वैष्णव संप्रदायाचे प्रवर्तक वल्लभाचार्य यांचे पुत्र विठ्ठलनाथ होते आणि १९२५ मध्ये केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष झालेले विठ्ठलभाई पटेल गुजरातचेच. स्त्रीरूप विसरू नये: तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर. घागरीवरचे ‘विठू’ मात्र घरात हाक मारण्यासाठी अवश्य ठेवावे.