गाणी वर्गणीवर ऐकायची की स्वतःजवळ साठवायची?

साठवणीतला

आमच्याकडे संगीताच्या ॲपची वर्गणी दरमहा न चुकता जाते, आणि ती बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की या सेवा म्हणजे मागणीनुसार वाजणारा रेडिओ. त्याला कुणी 'माझा संग्रह' म्हटलं की मला राहवत नाही.

२०११ हे साल आठवा. मार्चमध्ये ॲमेझॉनने, मे महिन्यात गुगलने आणि वर्षअखेरीस ॲपलने 'तुमची गाणी आमच्याकडे ठेवा, कुठूनही ऐका' अशी लॉकरं काढली. गुगलने आधी २० हजार आणि पुढे ५० हजार गाणी फुकट ठेवू दिली. आज काय उरलंय? ॲमेझॉनचं लॉकर जानेवारी २०१९ मध्ये आटोपलं. गुगल प्ले म्युझिक डिसेंबर २०२० मध्ये बंद पडलं. ज्यांनी वेळेत यूट्यूब म्युझिककडे बिऱ्हाड हलवलं ते वाचले, बाकीच्यांचा डेटा फेब्रुवारी २०२१ मध्ये पुसला गेला. ॲपलचं आयट्यून्स मॅच तेवढं आहे, वर्षाला २५ डॉलर आणि एक लाख गाण्यांची मर्यादा.

आपल्याकडे तर याहून गंमत. 'धिंगाणा' आठवतंय का? गाण्यांचं ॲप, पुण्याचं, अगदी घरचं. २०१४ मध्ये टी-सिरीजने गाण्यांचे हक्क काढून घेतल्यावर ते बंद पडलं, अमेरिकेतल्या आरडिओ या संगीतसेवेने विकत घेतलं, आणि पुढच्या वर्षी आरडिओचंच दिवाळं निघालं. २०२४ मध्ये आधी रेसो गेलं, मग एअरटेलचं विंक. ती वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांचं काय झालं असेल?

सेवा चालू असली तरी माल जातोच. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं, एप्रिलमध्ये सारेगामाने दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं आणि सारेगामाची गाणी उतरली. करार झाला मे २०२० मध्ये. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. भावगीतं, नाट्यपदं, अभंग, निम्मा मराठी माणूस तिथेच राहतो. वर्षभर पैसे भरणाऱ्याला तिथे ते मिळत नव्हतं.

तेव्हा ऐकायला वर्गणी, पण जे जिवाभावाचं ते स्वतःच्या फाइलीत. खोडून काढा.

खमंगकाकडी

काढते की.

तुमच्या 'संग्रहा'तलं निम्मं काय असतं ते सांगू? फुटपाथवरच्या दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीड्या, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून उतरवलेलं 'मराठी ओल्ड नवीन फोल्डर २', आणि प्रत्येक गाण्याच्या नावात एखाद्या डाउनलोड साइटचं नाव चिकटलेलं. गायक 'अननोन आर्टिस्ट'. याला संग्रह म्हणायचं आणि महिन्याच्या किरकोळ वर्गणीत लाखो गाणी देणाऱ्याला रेडिओ?

पूर्वी एका सीडीला मोजायचो त्याहून कमी पैशांत आता महिना निघतो. एका ॲपवरून गाणं उडालं तर दुसऱ्यावर असतं, नाहीतर यूट्यूबवर कुणीतरी टाकलेलं असतं. वर्षभर सारेगामा नव्हतं म्हणता, तेव्हा गाना होतं, सावन होतं. अडलं कुणाचं?

आणि खरं सांगा, हार्डडिस्क शेवटची कधी जोडली होती?

टेक्नोबुवा

हार्डडिस्क जोडायची गरजच काय, क्लाउड आहे ना. हिशोब मांडतो. ३२० केबीपीएसला (म्हणजे चांगल्या प्रतीच्या एमपीथ्रीला) मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात. म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट १४४ एमबी. गुगलच्या फुकट १५ जीबीमध्ये शंभरएक कॅसेटी बसल्या. (फोटोंनी आधीच भरलं असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे 'शुभ सकाळ'नेच भरलंय.)

पण ड्राइव्ह हे गोदाम आहे, तिथे गाणी ऐकण्यात मजा नाही. एकेक फाइल उघडत बसायचं. ऐकायचंच असेल तर यूट्यूब म्युझिकवर स्वतःची एक लाख गाणी चढवता येतात, आणि ती ऐकायला वर्गणी लागत नाही, जाहिरातीही मध्ये येत नाहीत. फक्त चढवायची ती संगणकावरून. ही सोय लोकांना माहीतच नसते, कारण कंपनीला ती सांगण्यात काही मिळत नाही.

स्पॉटिफायमध्ये 'लोकल फाइल्स' दिसतात त्यावरून फसू नका. ते तुमच्याच यंत्रातलं गाणं वाजवतं, कुठे साठवत नाही. आणि तिथलं 'डाउनलोड' म्हणजे कुलूपबंद डबा. महिन्यातून एकदा तरी नेटला जोडावा लागतो, नाहीतर डबा उघडत नाही.

मी स्वतः जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम हे घरची गाणी नेटवरून ऐकवणारं सॉफ्टवेअर चालवतो. फुकट आहे, फोनवरून घरची गाणी ऐकता येतात.

खमंगकाकडी

@टेक्नोबुवा, आणि घरी लाइट गेली की?

टेक्नोबुवा

की फोनमधली ऐकतो. तुमचं ॲप लाइट गेल्यावर वायफायशिवाय चालतं वाटतं?

जर्सीकर

धागाकर्त्याशी बराचसा सहमत, पण लॉकरांचा एक दोष राहिला. यातली काही लॉकरं तुमची फाइल जशीच्या तशी ठेवतच नाहीत, 'जुळवतात'. गाणं त्यांच्या दुकानात आहे असं वाटलं की तुमची प्रत चढवायच्या ऐवजी त्यांचीच प्रत तुम्हाला ऐकवतात. ॲपल म्युझिक सुरुवातीला नुसतं गाण्याचं आणि गायकाचं नाव बघायचं. २०१६ मध्ये आवाजाच्या ठशावरून ओळखायला लागलं. हिंदी सिनेमाच्या गाण्याला याने फरक पडत नाही. पण नाव तेच, गायक तोच, राग तोच आणि तुमच्याकडे आहे ते मैफलीतलं चाळीस मिनिटांचं, तर नावावरून जुळवणाऱ्याला कसं कळायचं?

शिवाय इकडे अमेरिकेत बसून पुण्यातल्या बहिणीने पाठवलेली यादी उघडली की मध्ये मध्ये करड्या ओळी. 'तुमच्या देशात उपलब्ध नाही.' आमच्या देशातलंच गाणं हो ते!

माईंचा लेक

तुम्ही सगळे भांडा. आमच्या आईने प्रश्न सोडवला. तिला ॲप लावून दिलं. पहाटे भटियार राग लावला, तो संपल्यावर ॲपने स्वतःच्या मनाने लग्नाच्या वरातीतलं गाणं सुरू केलं. आई देवघरात, हात ओले. पुढचे चार मिनिट ढोल. त्या दिवसापासून फोनला हात नाही.

मग कारवां आणला. सारेगामाचा तो रेडिओसारखा डबा, आत पाच हजार गाणी भरलेली. नेट नको, पासवर्ड नको, 'अपडेट करा' नको. मराठी गाण्यांचाही वेगळा मिळतो. यात नवं काही येत नाही ही तक्रार आहे, पण आईची नाही.

कर्वेरोडी

काकडीताई, तुमचा 'अडलं कुणाचं' हा प्रश्न सिनेमाच्या गाण्यांपुरता बरोबर आहे. आता माझं ऐका.

'गीतरामायण' शोधा. समोर येतं ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं, एचएमव्हीचं. उत्तमच आहे. पण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला जे लागत होतं त्यात माणिक वर्मा होत्या, वसंतराव होते, मालती पांडे, राम फाटक होते. छप्पन्न गाणी, वेगवेगळे गळे. ॲपच्या लेखी दोन्ही एकच, कारण शोधताना नाव एकच टाइप होतं.

पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या शास्त्रीय गाण्याच्या कॅसेटी ज्यांच्या घरात आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. त्याखेरीज कुणाच्या दिवाणखान्यातल्या बैठकी, गणेशोत्सवात पुढच्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन केलेली ध्वनिमुद्रणं. हे कुठल्याच ॲपवर येणार नाही, कारण त्याचा मालक कोण हेच ठरत नाही.

मी गेली काही वर्षं हेच उतरवतोय. डेकचं हेड आधी स्पिरिटने पुसायचं. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवायचा, कारण प्रत्येक टेपरेकॉर्डरचं हेड किंचित वेगळ्या कोनात असतं. कोन चुकला तर तानपुरा गोधडीखालून आल्यासारखा वाटतो, जुळला की एकदम तारेची किनार ऐकू येते. मग संगणकावर ऑडॅसिटीत रेकॉर्ड करायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई नाही. मधला खरखराट काढायचा मोह होतो, पण सॉफ्टवेअर खरखरीबरोबर श्वासही काढतं, म्हणून मूळ फाइल तशीच एफएलएसीमध्ये (यात आवाजातलं काही गाळलं जात नाही) ठेवतो आणि साफ केलेली वेगळी.

सगळ्यात कटकट नावांची. गायक, राग, ताल, साथीला कोण, कुठे, कधी. ॲपमध्ये यासाठी रकानेच नसतात. तिथे विलंबित (संथ लयीतला भाग) हा एक ट्रॅक, द्रुत (जलद लयीतला) हा दुसरा, आणि 'शफल' चुकून चालू असेल तर द्रुत आधी, मध्ये तिसराच कुणी, मग विलंबित. हे संगीत ऐकणाऱ्याने बनवलेलं नाही.

खमंगकाकडी

हे मान्य, हे सुंदर काम आहे. पण मग स्पष्टच विचारते, राग मानू नका. तुमच्यानंतर त्या फाइलींचं काय? मुलाला फोल्डर कुठला तेही माहीत नसणार. ती डिस्क जुन्या बाजारात जाणार. ॲप बंद पडतात म्हणता, डिस्क काय अमर असते?

दुसरं, तुम्ही स्वतःच्या फाइलीतून हजार वेळा ऐका, गाणाऱ्याला दमडी मिळत नाही. ॲपवर निदान काहीतरी पोचतं. आणि सांगलीतला एखादा नवा पोरगा आज अभंग रेकॉर्ड करून टाकतो आणि जर्सीकर तो ऐकतात, हे कुठल्या कॅसेटने केलं असतं?

साठवणीतला

'काहीतरी पोचतं' याचा हिशोब बघा. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे, बारा महिन्यांत हजार वेळा तरी वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसे मोजलेच जात नाहीत. सांगलीच्या पोराचा अभंग नऊशे वेळा वाजला तर शून्य. त्याला खरंच द्यायचं असेल तर कार्यक्रमाचं तिकीट काढा.

डिस्क अमर नाही, कबूल. पण क्लाउडही नाही. मायस्पेस या एकेकाळच्या गाजलेल्या संकेतस्थळाने २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर हलवताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. म्हणून एक प्रत घरी, एक नातेवाइकाकडे, एक क्लाउडवर. फक्त क्लाउडवर ठेवलेलं ते ठेवलेलं धरू नये.

खमंगकाकडी

तिकीट मी काढतेच, तुम्ही किती काढता ते बघू. आणि नऊशे वेळा वाजला म्हणजे नऊशे वेळा कुणीतरी ऐकला. तुमच्या तीन प्रतींपैकी किती ऐकल्या जातात?

जर्सीकर

@कर्वेरोडी, एक शंका. त्या बैठकींतलं थोडं सगळ्यांसाठी कुठेतरी खुलं करता नाही का येणार? कायदा काय म्हणतो?

कर्वेरोडी

स्वतःपुरती प्रत ठेवायला आपला कायदा 'खासगी वापर' म्हणून बरीच मोकळीक देतो. सगळ्यांसाठी चढवणं वेगळं. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे मुद्रण मोकळं आणि कविता बांधलेली असंही होतं. बंदिश पारंपरिक असेल तर गाठ थोडी सैल, पण गाणाऱ्याचा हक्क राहतोच. माझ्याकडच्या बैठकी अप्रकाशित आहेत, त्यामुळे मी त्या वाटेला गेलेलो नाही. घरच्यांना विचारून दोनतीन जणांना ऐकवल्या, तेवढंच.

अवांतर: पुण्यात किंवा पिंपरीत कुणाकडे चालू स्थितीतला टेपडेक पडून आहे का? माझ्याच्या पट्ट्याने मान टाकलीय आणि अजून दोन खोकी बाकी आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माईंचा लेक

आहे आमच्याकडे. आई विकू देत नाही. ऐकायला या, डेक तिथेच बसवून रेकॉर्ड करा. भटियारची एक कॅसेटही आहे.