खालच्या रेघेवरची सही

गर्भपाताचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, 'आपला कायदा इतका मोकळा आहे की इथे वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही.' हा मुद्दा कागदापुरता मान्य. दवाखान्याच्या खिडकीपर्यंत मात्र तो कायदा पोचतोच असं नाही. मैत्रिणीसोबत गेले होते. दोन मुलांची आई, गोळ्या घेऊनही दिवस गेलेले, सातवा आठवडा. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि खालच्या रेघेवर पेनाने फुली मारली, "इथे मिस्टरांची सही." ते बाहेरगावी आहेत म्हटल्यावर, "मग सासूबाईंची चालेल." सासूबाईंची! मी मोबाइलवर १९७१च्या गर्भपात कायद्याचं कलम ३ उघडून दाखवलं: बाई सज्ञान असेल तर संमती फक्त तिचीच लागते. त्यावर "आमच्याकडे असंच असतं" एवढंच उत्तर. शेवटी नवरा रात्रीच्या गाडीने आला, सही केली, दोन दिवस फुकट गेले.

तो आला म्हणून निभावलं. ज्या बाईला घरी कळूच द्यायचं नाहीये, ती त्या फुलीपाशी काय करणार? सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा दिली, त्याची सगळीकडे चर्चा झाली. त्याच निकालात डॉक्टरांनी कुटुंबाची संमती वगैरे कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत असंही म्हटलंय. ते पान झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवा.