दाखला देऊन मोकळं व्हायचं का? नववीतल्या मुलाबद्दल सल्ला हवा आहे

खडूफळा

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. मुख्याध्यापक निवृत्त झाल्यापासून प्रभारी म्हणून त्यांचं कामही माझ्याकडे आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणी ओळखलंच तर कृपा करून इथं लिहू नका, दोन पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर फाटकापासून पन्नासेक पावलांवर, रसवंतीच्या मागं, आमच्या नववीतल्या दोन मुलांची जुंपली. एकानं दुसऱ्यावर कटर चालवला. डाव्या हाताला कोपराखाली चौदा टाके पडले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून नीट वळत नाही. कटर शाळेचाच होता. कलाशिक्षक रजेवर असल्यानं त्या दिवशी कार्यानुभवाचा तास मी घेतला, पुठ्ठा कापायला दहा कटर वाटले आणि घंटा झाल्यावर मोजून परत घेतले नाहीत. ही चूक माझी. पोलिसांना सांगितलं आहे, संस्थेलाही लिहून दिलं आहे.

भांडणाचं कारणही सांगते. मारणाऱ्या मुलाचे वडील पितात. ते एसटी स्टँडवर पडलेले असताना दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला, त्यावर गाणं चढवलं आणि वर्गातल्या पोरांना पाठवला. दोन दिवस पोरं याला बघितलं की तेच गाणं म्हणत होती. आम्हा शिक्षकांपैकी एकालाही पत्ता नव्हता. व्हिडिओ काढला म्हणून हात कापावा असं मी म्हणत नाही. पण हे लपवून सल्ला मागितला तर तो अर्धवटच मिळेल.

मुलाला बाल न्याय मंडळापुढं नेलं. नऊ दिवस निरीक्षणगृहात होता, आता जामिनावर आईच्या ताब्यात आहे. जामीन झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आई शाळेत आली. ती बेदाण्याच्या शेडवर निवडाईला जाते, बोटं चिकट आणि काळी पडलेली. टेबलावर तिनं कापडी पिशवी ठेवली. आत त्याचा गणवेश होता, धुऊन इस्त्री केलेला, शर्टाचं तुटलेलं बटण बदललेलं. नवीन बटण मिळतंजुळतं नव्हतं, थोडं मोठं होतं. म्हणाली, "बाई, उद्यापासून पाठवू का?" मी "कळवते" म्हणाले. त्याला आज सोळा दिवस झाले.

तिकडं चाळीस पालकांनी सह्यांचा अर्ज दिलाय की तो मुलगा शाळेत आला तर आमची मुलं येणार नाहीत. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय, नावासकट. संस्थाचालक म्हणतात, "दाखला द्या आणि विषय संपवा. पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसू दे." पण घरी बसून दहावी देणारी मुलं मी बघितली आहेत. घरात शिकवणारं कुणी असलं तर निभावतं. या घरात कोण आहे?

आणि जखमी झालेला मुलगाही माझाच विद्यार्थी आहे. त्यानं रोज त्याच वर्गात, त्याच मुलासमोर का बसावं? याला माझ्याकडं उत्तर नाही. सोमवारी शाळा समितीची बैठक आहे. ज्यांनी असं प्रकरण हाताळलंय त्यांनी कृपया लिहा.

---

पाऊलवाट

मॅडम, कटरची चूक तुम्ही मान्य केलीत, इतकं कुणी करत नाही. पण मी त्या चाळीस पालकांच्या बाजूचा आहे. माझी मुलगी आठवीत आहे. शाळेत पाठवतो तेव्हा पाच तास ती तुमच्या भरवशावर असते. ज्याच्या हातून एकदा झालं त्याच्या हातून दुसऱ्यांदा होणार नाही, हे मला कोण लिहून देणार?

लोक चिडतात त्यालाही कारणं आहेत. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोघं जण गाडीखाली गेले आणि सतरा वर्षांच्या पोराला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून त्याच दिवशी जामीन दिला. तेव्हापासून 'बाल न्याय मंडळ' म्हटलं की सामान्य माणसाला निबंधच आठवतो. तुमच्याकडच्या गरीब पोराची त्यात काही चूक नाही, हे कळतं. पण आम्ही विश्वास ठेवायचा कशावर?

---

भीमाकाठ

बाई, मी परिविक्षा अधिकारी आहे, म्हणजे अशा मुलांच्या घरची-शाळेची माहिती काढून बाल न्याय मंडळाला अहवाल देणारा. अकरा वर्षं झाली. तुमच्या जिल्ह्यात नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी तो फोटो थांबवा, आजच. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमातून उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपवरच्या पालकांना हे माहीत नसतं, चांगल्या घरातली माणसं फोटो पुढं ढकलत राहतात. धमकीच्या सुरात सांगू नका. ग्रुपच्या ॲडमिनला शाळेत बोलवा, कलम वाचून दाखवा, समोर बसून काढायला लावा.

आता दाखल्याचं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ पहिली ते आठवीच्या मुलाला शाळेतून काढू देत नाही. तुमचा मुलगा नववीत आहे, त्यामुळं ते कलम इथं उपयोगाचं नाही, आणि बऱ्याच संस्थांना हे बरोबर ठाऊक असतं. नववीत आला की "पालकांनी स्वेच्छेनं दाखला नेला" असं लिहून घेतात. आईची सही किंवा अंगठा घेतला की कागद स्वच्छ. ती सही घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा की मंडळाची चौकशी अजून चालू आहे, मुलावर काही शाबीत झालेलं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मधलं पहिलंच तत्त्व निर्दोष मानण्याचं आहे.

शाळेची बाजूही कायद्यात आहे, ती कुणी बघत नाही. चौकशीअंती कलम १८ खाली मंडळ जे आदेश देऊ शकतं, त्यात 'शाळेत जावं' हा आदेश आहे आणि 'अमुक ठिकाणी जाऊ नये' हाही आहे. दोन्ही एकाच कलमात. जखमी मुलापासून लांब ठेवण्याची गरज असेल तर ती मंडळापुढं मांडता येते. पण मांडणार कोण? अहवालासाठी मी शाळांत जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी दोन ओळींचं पत्र मिळतं, "सदर विद्यार्थ्याची वर्तणूक समाधानकारक होती." त्यातून मंडळाला काय कळणार? तुम्ही इथं जे लिहिलंय, व्हिडिओ, कटर, सोळा दिवस, बोटं वळत नाहीत, हे सगळं पत्रात यायला हवं.

पाऊलवाट, तुमचा राग मला परका नाही. कल्याणीनगरचा तो आदेश तीन दिवसांत बदलावा लागला, त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, पुढं जूनमध्ये उच्च न्यायालयानं सोडायला सांगितलं. त्या एका प्रकरणावरून आमची सगळी मंडळं ओळखली जातात याचं वाईट वाटतं. आणि 'दुसऱ्यांदा होणार नाही' हे लिहून मीही देऊ शकत नाही. माझ्याकडं आलेल्या मुलांत जी परत गुन्ह्यात सापडली, त्यांच्याबद्दल मला आठवतं ते त्यांचं दिवसभर रिकामं असणं. एक पोरगा होता, शाळेनं काढल्यावर रोज सकाळी गणवेश घालून घराबाहेर पडायचा, कारण आजीला सांगितलंच नव्हतं. दिवसभर बाजार समितीच्या ओट्यावर बसायचा. तिथं त्याला जे भेटले त्यांच्याबरोबर सहा महिन्यांनी तो माझ्यापुढं उभा होता. ती मुलं तुमच्या मुलीच्या शाळेच्या रस्त्यावरच असतात, फक्त त्यांच्यावर नजर ठेवणारं कुणी नसतं.

---

अबोली_क

मी दुसऱ्या बाजूची आई आहे. बराच वेळ लिहावं की नाही असं चाललं होतं.

माझी मुलगी आठवीत असताना वरच्या वर्गातल्या मुलानं तिच्याशी जे केलं ते पोक्सोखाली नोंदवलं गेलं. मुलगा जामिनावर सुटला. आम्हाला कुणी सांगितलं नाही. पोलिसांनी नाही, शाळेनं नाही. सोमवारी परिपाठाला उभी असताना तिला तो तीन रांगा सोडून दिसला. तिनं प्रतिज्ञा पूर्ण म्हटली, वर्गात गेली आणि बाकावर तशीच ओली होऊन बसली. तेरा वर्षांची मुलगी. मला फोन आला तो "तब्येत बरी नाही, घेऊन जा" असा.

मी तेव्हा त्या मुलाला काढा म्हणून भांडले. आता इतक्या वर्षांनी मला मुलाच्या परत येण्यापेक्षा जास्त राग त्या न सांगण्याचा येतो. आदल्या दिवशी एक फोन केला असता तर मी तिला घरी ठेवलं असतं, वर्ग बदलून मागितला असता, तिला विचारलं तरी असतं. शेवटी शाळा सोडली ती माझ्या मुलीनं. पोक्सोच्या प्रकरणात बाल कल्याण समितीकडून मुलीसाठी सहाय्यक व्यक्ती, म्हणजे केस चालू असेपर्यंत सोबत करणारं कुणी, मागता येते, हेही मला सहा महिन्यांनी एका वकीलबाईंकडून कळलं. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी असा शासन निर्णय मार्च २०२२ पासून आहे. आमच्या शाळेत त्या समितीचा फलक होता, नावं होती. त्या नावांपैकी कुणी आमच्या घरी आलं नाही.

खडूफळाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे, मारामारीचं आहे. माझ्या मुलीच्या बाबतीत एकाच इमारतीत दोघं, हे मी कुठल्याही अटीवर मान्य केलं नसतं. पण तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये त्या मुलाची आई आहे, तिची पिशवी आहे, बटण आहे. जखमी मुलाच्या घरी तुम्ही गेला होतात का? आधी तिकडं जा. बैठकीच्या आधी.

---

खडूफळा

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रभर झोप लागली नाही. दवाखान्यात मी दोनदा गेले होते. घरी गेले नव्हते. काल संध्याकाळी गेले.

त्याच्या वडिलांनी बसा म्हटलं पण स्वतः बसले नाहीत. केस मागं घेणार नाही म्हणाले. मी म्हटलं, ते सांगायला मी आलेच नाही. मग जरा निवळले. मुलगा आतल्या खोलीत चेंडू दाबायचा व्यायाम करत होता. चेंडू पिवळा, स्पंजचा. तीन बोटं चेंडूत रुततात आणि दोन वरच राहतात. मी मोजत होते, तो वीसपर्यंत गेला.

त्याला सरळ विचारलं, तो परत आला तर तुला काय हवं? बराच वेळ गप्प होता. मग तीन गोष्टी म्हणाला. तो 'ब' तुकडीत असावा. सुटायच्या वेळी आपण आधी निघणार. आणि पोरांनी आपल्याला "व्हिडिओवाला" म्हणू नये. हे तिसरं मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे हा शाळेत येतोय तेव्हापासून हेही चाललंय आणि याही वेळी मला पत्ता नाही. जाताना दारापर्यंत आला आणि म्हणाला, त्याच्याकडं माझी भूमितीची वही राहिलीय, तेवढी मागून द्या.

बैठकीपुढं असं ठेवणार आहे: तुकडी मारणाऱ्या मुलानं बदलायची. जखमी मुलाची तुकडी तेवढी दहा मिनिटं आधी सोडायची. मधल्या सुट्टीत पीटीचे सर मैदानावर, एक शिक्षिका नळाजवळ. कटर, कर्कटक, कात्र्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, वहीत सही. मुलाचं समुपदेशन मी मंडळाकडूनच मागणार आहे, आमच्याकडं समुपदेशक नाही आणि ते काम मला जमतं असं मी म्हणणार नाही. दाखल्यावर मी सही करणार नाही हे अध्यक्षांना आज फोनवर सांगितलं. ते रागावले आहेत.

पाऊलवाट, तुमच्यासारखे चाळीस जण सोमवारी माझ्यासमोर असतील. त्यांना मी लिहून देऊ शकते ते इतकंच, की कोण कधी कुठं उभं राहणार आणि त्या वेळी तिथं कोणी नसेल तर मला कुणी फोन करायचा.

भीमाकाठ, फोटो निघाले. दोन ग्रुपवरून निघाले, तिसऱ्याचा ॲडमिन दुबईला आहे, त्याला मेसेज केलाय. एक विचारायचं राहिलं. पत्र कुणाच्या नावानं लिहू? थेट मंडळाला की परिविक्षा अधिकाऱ्यांना? आणि कटरबद्दल माझी चूक त्यात लिहिली तर मुलाला उपयोग होईल की संस्था ते पत्र अडवेल?

---

भीमाकाठ

मंडळाच्या प्रमुख दंडाधिकाऱ्यांच्या नावानं लिहा, परिविक्षा अधिकाऱ्यांमार्फत. प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. आवक शिक्का मारून पोच घ्या.

कटरचं लिहा. मुलानं हत्यार घरून आणलं नव्हतं, हे मंडळाला कळायला हवं, आणि ते तुमच्याशिवाय कुणी सांगणार नाही. संस्थेनं अडवलं तर वर्गशिक्षिका म्हणून स्वतःच्या सहीनं द्या. पुढची तारीख कधी आहे ते आईला विचारा. तिला शेडवरून सुट्टी मिळत नसेल तर तेही पत्रात घाला. पालक तारखेला आले नाहीत की त्याचा अर्थ वेगळा लागतो.

आणि ती वही तुम्ही स्वतः आणून द्या, मुलांना समोरासमोर आणू नका इतक्यात.