माडीवरच्या खोलीत कपड्यांची खोली करायची आहे : पश्चिमेच्या ओलसर भिंतीचे काय करावे?

नमस्कार. आमचे घर बेळगावात, वडगाव भागात आहे. थोरला मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून माडीवरची एक खोली रिकामीच असून, घरातील सर्वांचे कपडे एका जागी राहतील अशी, हल्ली ज्याला वॉक-इन वॉर्डरोब म्हणतात तशी खोली तिथे करून घ्यावी असे आम्ही ठरवले आहे. मिरग लागण्यापूर्वी काम उरकायचे आहे. सुताराशी बोलणी झाली आहेत, परंतु त्याच्या दोन सूचना मला पटत नाहीत, म्हणून येथील जाणकारांचे मत हवे आहे.

खोली आतून साडेसात फूट रुंद व दहा फूट लांब आहे. दार दक्षिणेला, त्याच्या समोर उत्तरेला खिडकी, आणि दोन्ही लांब भिंती पूर्व-पश्चिमेला. पूर्वेची भिंत जिन्याकडची असल्यामुळे कोरडी असते. पश्चिमेची भिंत मात्र उघड्यावर आहे आणि बेळगावचा पाऊस कोणत्या दिशेने झोडपतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. गेल्या श्रावणात त्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून ओल उतरून गिलाव्याचे पोपडे सुटले. भिंतीला टेकवून ठेवलेली ट्रंक उघडली, तेव्हा सासूबाईंच्या शहापुरी साडीच्या घडीवर, नेमक्या दुमडीच्या रेघेवर, पिठासारखी पांढरी बुरशी धरलेली होती.

सुताराचे म्हणणे असे की, दोन्ही लांब भिंतींना 24 इंच खोल कपाटे छतापर्यंत न्यावीत, खिडकी बुजवून तिथे पूर्ण उंचीचा आरसा बसवावा, आणि पश्चिमेला मरीन प्लाय वापरला की ओलीची काळजी करण्याचे कारण उरत नाही. या मांडणीत मधे 42 इंचांची वाट राहते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे प्रश्न एवढेच आहेत : मरीन प्लायने कपडे खरोखरच सुरक्षित राहतात का, आणि खिडकी बुजवावी का? आमच्याकडे टांगायच्या कपड्यांपेक्षा घडीच्या साड्याच जास्त आहेत, हेही कृपया ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद

ताई, मरीन प्लाय, म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला प्लाय, पाण्याने सहसा सुटत नाही, कारण त्याचे थर जोडणारा डिंक पाण्याला दाद देत नाही. पण हा गुण लाकडाचा झाला. ओल्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटात हवा कोंडली की प्लाय शाबूत राहतो आणि आतल्या कपड्यांना बुरशी धरते. त्यामुळे आधी भिंत, मग सुतार. ओल वरच्या कोपऱ्यातून उतरते आहे, म्हणजे गच्चीचा कठडा, छत आणि भिंत यांचा सांधा, आणि बाहेरच्या गिलाव्यातील चिरा गवंड्याकडून तपासून घ्याव्यात. दुरुस्ती बाहेरूनच व्हायला हवी. आतून लावलेला कोणताही रंग ओल फार तर एखादा पावसाळा झाकून ठेवतो.

पावसाळा सुरू झाला की एक परीक्षा करावी. दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते आहे, खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतील आहे. हे कळेपर्यंत पश्चिमेला काहीही ठोकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंदा पूर्वेचीच बाजू करून घ्यावी. शर्ट-कोट टांगायला 24 इंच लागतात, घडीच्या साड्यांना 16 इंचांचे कप्पे पुरतात. जड जरीच्या साड्या तशाही टांगून ठेवू नयेत, त्या स्वतःच्याच वजनाने ओढल्या जातात. त्या मांजरपाटात गुंडाळून आडव्या ठेवाव्यात, अधूनमधून घडी बदलावी आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

खिडकी बुजवू नये. मात्र पावसाळ्यात ती उघडी ठेवून खोली सुकेल, अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण बाहेरची हवाच भिजलेली असते. त्या दिवसांत दार-खिडकी बंद करून कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील ओल काढून घेणारे यंत्र, चालवावा आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहते की नाही ते एखाद्या साध्या आर्द्रतामापकावर पाहावे. टेबलावर ठेवायची छोटी यंत्रे एवढ्या खोलीला पुरत नाहीत. दिवाळीनंतर खिडकी खुशाल उघडावी, पण रेशमावर ऊन पडणार नाही असा पडदा हवा.

मूळ लेखिका

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभारी आहे. गवंड्याला बोलावून कठडा दाखवते आणि सुताराला तूर्त पूर्वेच्याच बाजूचे माप घ्यायला सांगते. आणखी एकच विचारते : पुढे पश्चिमेला कप्पे केलेच, तर ते भिंतीपासून किती अंतर सोडून उभे करावेत, आणि त्यांना पाठीमागून प्लाय न लावता ती बाजू उघडी ठेवली तर चालेल का?