दोघींचा स्वयंपाक, फ्रिज नाही: स्वस्त दुकानातून महिन्याचा किराणा कसा भरावा?

नवीपुणेकर

नमस्कार. मी आणि माझी धाकटी बहीण नऱ्हे भागात एका खोलीत राहतो. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि मी एका खासगी प्रयोगशाळेत नोकरीला आहे. आतापर्यंत आम्हाला मेसचा डबा होता. परंतु रोजचीच बटाट्याची पातळ भाजी आणि दर काही महिन्यांनी वाढणारा डब्याचा दर पाहता, येत्या महिन्यापासून दोन्ही वेळचे जेवण खोलीवरच करायचे असे आम्ही ठरवले आहे. साधने मोजकीच आहेत: पाच किलोचा छोटा सिलिंडर, एका बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर, तवा आणि कढई. फ्रिज नाही आणि तो घेण्याचा विचारही नाही. धाराशिवहून आई ज्वारी आणि घरच्या तुरीची डाळ पाठवते, त्यामुळे त्या दोन गोष्टी विकत घ्याव्या लागत नाहीत.

बाकीचे सामान महिन्यातून एकदा डी-मार्टसारख्या सवलतीच्या मोठ्या दुकानातून आणावे असे वाटते. मात्र तिथे एकाच वस्तूची पाच-सहा पाकिटे शेजारी मांडलेली असतात, प्रत्येकाचे वजन वेगळे, प्रत्येकावर छापील किंमत वेगळी आणि सवलतही वेगळी, त्यामुळे खरोखर स्वस्त काय हे कळत नाही. कोणत्या वस्तू अशा दुकानातून घ्याव्यात आणि कोणत्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून? अर्ध्या तासात होणाऱ्या साध्या जेवणासाठी नेमके कोणते जिन्नस घरात असावेत? आणि फ्रिज नसताना किती सामान एकदम भरणे शहाणपणाचे आहे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजघर

ताई, यादी दुकानात जाऊन करू नका, घरी बसून करा, आणि तीही जिन्नसांची नव्हे तर जेवणांची करा. आठवड्याची चौदा जेवणे कागदावर मांडली की लक्षात येते की दोन माणसांना लागणारे जिन्नस फार थोडे असतात आणि तेच आलटून पालटून वापरता येतात. दुकानातली विविधता ही दुकानाची गरज असते, आपली नव्हे.

तूरडाळ घरची आहे हे फारच उत्तम, कारण एरवी किराण्याच्या बिलात तिचाच भार मोठा असतो. तरीही जोडीला एक किलो मसूरडाळ आणि अर्धा किलो मूगडाळ घ्या. मसूरडाळ बहुधा तुरीपेक्षा स्वस्त पडते, तिला भिजवावे लागत नाही आणि कुकर न लावताही ती पंधरा-वीस मिनिटांत शिजते, म्हणजे पैसे आणि गॅस दोन्ही वाचतात. मूगडाळ खिचडीसाठी. तांदळात तुम्हाला अखंड बासमतीची काहीही गरज नाही. त्याच तांदळाचा तुकडा निम्म्याहून कमी भावात मिळण्याची शक्यता असते, वास तोच असतो, आणि खिचडीला किंवा मऊ भाताला तो उलट अधिक चांगला लागतो. मोकळा भात मात्र त्याचा होत नाही, त्यासाठी जुना कोलम बरा.

कडधान्यांपैकी फक्त मटकी घ्या. सकाळी भिजत घालावी, रात्री निथळून फडक्यात बांधावी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड आलेले असतात आणि मूठभर मटकीची दोघींपुरती उसळ होते. मोड आल्यावर ती भिजवण्याआधीच्या दुपटीहून अधिक भरते, त्यामुळे पाकीट दिसायला लहान असले तरी पुरवठ्याला येते. राजमा, छोले, काळे वाटाणे हे सगळे नंतर. ते शिजायला वेळ घेतात आणि छोट्या सिलिंडरवर परवडत नाहीत.

सर्वांत उपयोगी पाकीट कोणते असे मला कोणी विचारले तर मी बेसन असे सांगेन. दोघींच्या पिठल्याला अर्धी वाटी बेसन पुरते, म्हणजे अर्ध्या किलोत आठ-नऊ जेवणांची सोय होते. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परतून त्यात दोन वाट्या पाणी घालावे, उकळी फुटली की थोड्या पाण्यात कालवलेले बेसन एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे, झाकण ठेवून दोन वाफा काढाव्यात आणि गॅस बंद करावा. पहिल्या वाफेनंतर चव घेतली तर पीठ कच्चे लागते, म्हणून दुसरी वाफ टाळू नये. कांदा नसला तरी चालते, लसणावाचून मात्र चालत नाही. धीर धरता आला नाही तर गुठळ्या होतात. पण पिठल्यातल्या गुठळ्या आवडीने खाणारे लोकही मी पाहिले आहेत.

तुम्ही धाराशिवकडच्या आहात म्हणून आणखी एक सुचवते. आईला सांगून येसर आणि मेतकूट करून आणा. भाजलेल्या धान्यांचे आणि मसाल्याचे ते पीठ डब्यात असले की उकळत्या फोडणीच्या पाण्यात चार चमचे येसर कालवून दहा मिनिटांत आमटी होते, डाळ शिजवायलाच नको. कोणत्याही दुकानातले ‘झटपट’ पाकीट याच्यापेक्षा स्वस्त पडणार नाही.

याखेरीज शेंगदाणे, जाडे पोहे, रवा, गूळ, तेल, चहा, साखर, मीठ, हळद, तिखट, मोहरी, जिरे. इतक्यावर महिना निघतो. भाजी रोजची रोज, मंडईतून.

काटामाप

माजघर यांनी काय घ्यावे हे सांगितले आहेच. मी फक्त किंमत कशी वाचावी याविषयी लिहितो, कारण माझी नोकरी अनेक वर्षे याच क्षेत्रात झाली.

पाकिटावर ‘इतकी टक्के सवलत’ असे जे लिहिलेले असते ते वाचूच नये. छापील किंमत, म्हणजे एमआरपी, उत्पादक किंवा पाकीट भरणारा ठरवतो. ती मुळात चढी ठेवली तर सवलत कितीही मोठी दाखवता येते. पूर्वी अनेक वस्तूंची पाकिटे ठरावीक वजनांतच भरावी लागत असत. अलीकडच्या काही वर्षांत ते बंधन उठले आणि त्याऐवजी पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर, छापणे बंधनकारक झाले. तेव्हापासून ४५०, ८०० आणि ९०० ग्रॅमची पाकिटे सर्रास दिसतात. ती दिसायला किलोची किंवा अर्ध्या किलोची वाटतात, म्हणून निव्वळ वजन आधी पाहावे.

आता खरी मेख अशी, की हा छापलेला एकक दर एमआरपीवरून काढलेला असतो, दुकान ज्या भावाने देते त्यावरून नव्हे. समजा, एका डाळीच्या एक किलोच्या पाकिटाची एमआरपी २०० रुपये आहे आणि दुकान ते १४० रुपयांना देते. शेजारच्या अर्ध्या किलोच्या पाकिटावर ८० रुपये छापले आहेत, म्हणजे किलोला १६०, आणि दुकान ते ७६ रुपयांना देते. नुसते छापील आकडे पाहणाऱ्याला दुसरे पाकीट स्वस्त वाटेल. प्रत्यक्षात ते किलोला १५२ रुपये पडते आणि पहिले १४०. म्हणून फळीवरच्या चिठ्ठीवरील दुकानाची किंमत घ्यावी, तिला निव्वळ वजनाने भागावे आणि सगळे आकडे किलोवर आणून तुलना करावी. मोबाइलमधला गणनयंत्राचा पर्याय याच कामाचा आहे.

तेलाच्या बाबतीत अधिक सावध राहावे. एक लिटर रिफाइंड तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. पिशवीवर वजन आणि आकारमान असे दोन्ही छापलेले असते, परंतु बाजारात तशाच दिसणाऱ्या, आत ८०० किंवा ८५० ग्रॅमच तेल असलेल्या पिशव्याही असतात आणि त्या पाच-सहा रुपयांनी स्वस्त म्हणून लोक उचलतात. तुलना ग्रॅमवरच करावी.

करासंबंधीही थोडे सांगतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच पाकीटबंद करून लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागतो, मग त्या नामांकित कंपनीच्या असोत वा नसोत. वाण्याने पोत्यातून आपल्यासमोर मोजून दिलेल्या सुट्या डाळीवर तो लागत नाही. त्यामुळे सुटी डाळ मोठ्या दुकानाच्या भावाला कधीकधी सहज गाठते.

मग ही मोठी दुकाने स्वस्त कशी देतात, असा प्रश्न पडतो. डी-मार्टचेच उदाहरण घेतले, तर २००२ मध्ये पवईत पहिले दुकान काढल्यापासून या कंपनीने बहुतेक जागा भाड्याने न घेता स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून माल कमी भावात घेतला आणि फळ्यांवर चटकन खपणाऱ्या वस्तूच ठेवल्या. खाद्यवस्तूंवर नफा कमी राहतो आणि कपडे, भांडी, घरगुती वस्तू यांवर तो अधिक मिळतो. हे एकदा समजले की यादीतील सामान घेऊन थेट बिलाच्या रांगेत उभे राहणे सोपे जाते. बादल्या आणि टी-शर्टांच्या बाजूला वळण्याचे कारण उरत नाही.

वाणीआळी

काटामाप यांच्याशी मी सहमत आहे, परंतु महिन्याचे सगळे सामान एकदम मोठ्या दुकानातून आणावे हे गृहीतकच मला दोघींच्या संसाराला लागू वाटत नाही. मोहरी, जिरे, हिंग, हळद यांची दोनशे ग्रॅमची पाकिटे चार जणांच्या घरासाठी असतात. दोघींनी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पन्नास ग्रॅम जिरे घ्यावे. किलोमागे भाव जास्त पडला तरी प्रत्यक्षात पैसे कमी जातात आणि जिरे वास असेपर्यंत संपते. शिवाय नऱ्ह्याहून जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे हिशेबात धरले नाही तर सगळी बचत कागदावरच राहते. ओझे घेऊन बसने येणे जमत असेल तरच दूरच्या दुकानाचा विचार करावा. मार्केट यार्डातील भुसार बाजाराचे नावही कोणी सुचवेल. तिथे भाव खरोखर उतरतात, पण त्यासाठी चार-पाच खोल्यांनी मिळून खरेदी करून वाटून घ्यायला हवे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासद कुटुंबांचे गट करून नेमके हेच करत आली आहे. तुमच्या इमारतीत अशा मुली असतील तर विचारून पाहा.

साठवणीविषयी. पावसाळ्यात फ्रिजविना एका महिन्याहून अधिक काहीही भरू नये. पोहे सादळतात, रव्याला जाळी लागते, डाळीत भुंगे होतात आणि तांदळात पोरकिडे. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. त्यामुळे तो टिकतो आणि उपमा करताना वेळही वाचतो. घरच्या तूरडाळीला आईने एरंडेल चोळले नसेल तर थोडे चोळून ठेवा आणि शिजवताना डाळ नीट धुऊन घ्या. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची किंवा पाऱ्याच्या गोळ्या घालण्याची रीत काही घरांत अजून आहे. दोघींच्या पाच किलो तांदळाला तिची काहीही आवश्यकता नाही, कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो. शेंगदाण्यांत काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी धरलेले दाणे दिसले तर ते निवडून टाकून द्यावेत, काटकसर म्हणून कुटात घालू नयेत.

ज्वारी एकदम दळून आणू नका. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. आठवड्यापुरते दोन किलो दळावे.

नवीपुणेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. किंमत वजनाने भागून पाहण्याची गोष्ट माझ्या बहिणीने लगेच वहीत उतरवून घेतली आहे. येसर आईने मागच्या वर्षी दिले होते, पण ते इतक्या कामाचे आहे हे आमच्या लक्षात आले नव्हते. दोन शंका उरतात. सोयाबीनच्या वड्या स्वस्त मिळतात, त्या रोजच्या जेवणात घेता येतील का? आणि स्वस्त बेसनात वाटाण्याचे पीठ मिसळलेले असते असे ऐकले आहे. ते कसे टाळावे?

माजघर

सोयाच्या वड्या अवश्य घ्या. कोरड्या वड्यांत निम्मे वजन प्रथिनांचे असते, त्या महिनोन्‌महिने टिकतात आणि पाव किलोचे पाकीट दोघींना बरेच दिवस जाते. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून, गार पाण्यातून काढून घट्ट पिळून घ्याव्यात. ही पिळण्याची पायरी वगळली तर तो उग्र वास राहतो आणि मग घरातले कोणी त्यांना पुन्हा हात लावत नाही. लहान वड्या मसालेभातात घाला, मोठ्यांचा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा. रोज नको, आठवड्यातून दोन वेळा पुरे. उरलेल्या दिवशी डाळ आणि उसळ आहेच.

बेसनाच्या शंकेवर उपाय सोपा आहे. पाकिटाच्या मागे घटकपदार्थांच्या ओळीत फक्त हरभराडाळ लिहिलेली असावी आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असावा, एवढे पाहून घ्या. त्यावरही विश्वास बसत नसेल तर हरभराडाळच एक किलो घ्या, ज्वारी दळायला नेता तेव्हा तीही गिरणीत द्या. फक्त गिरणीवाल्याला सांगा की ज्वारीच्या आधी नको, नंतर दळा. नाहीतर आधीच्या डाळीचे पीठ तुमच्या भाकरीत येईल. आणि डाळ दळून घेतलीत तर थोडी न दळता बाजूला ठेवा, वाटल्या डाळीला उपयोगी पडेल.