बॅटरी मागे आली की आरसी५२२ आंधळा होतो: एकाच हँडहेल्डमध्ये रीडरचा अँटेना आणि गेटचं कार्ड कसं बसवायचं?

कुर्ला_बेंच (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोदामातल्या हजेरीसाठी हातात धरायचं यंत्र बनवतोय. पॉलिकार्बोनेटचा डबा, १५२ × ७८ × १९ मि.मी. पुढे वर डिस्प्ले, त्याच्या खाली अँटेना. पीसीबीवरच चार फेऱ्यांची कॉइल, बाहेरचं माप ५० × ४०, ट्रॅक ०.८ मि.मी. चिप एमएफआरसी५२२ (शीर्षकातला आरसी५२२, १३.५६ मेगाहर्ट्झवर बिनस्पर्शी कार्ड वाचणारी), सप्लाय ३.३ व्होल्ट. मागे ४००० एमएएचची लिथियम पॉलिमर पाउच बॅटरी, ९० × ६० × ६ मि.मी., कॉइलपासून जेमतेम १.२ मि.मी. वर.

बोर्ड टेबलावर मोकळा असताना कार्ड ३८ मि.मी. वरून वाचतो. डब्यात घातला की ६ मि.मी., आणि पाचातल्या एका बोर्डावर तेही नाही. कॉइलचं इंडक्टन्स मोकळं असताना १.५ मायक्रोहेन्री, बॅटरी मागे ठेवली की ०.८५. सॉफ्टवेअरमधून रिसिव्हर गेन ४८ डीबी केला, फरक शून्य.

दुसरी अडचण. मागच्या झाकणात कर्मचाऱ्याचं गेटचं कार्डही बसवायचंय, म्हणजे यंत्र गेटच्या रीडरला लावलं की दार उघडेल. कार्ड मायफेअर क्लासिक १के, म्हणजे त्याच १३.५६ वरचं बिनस्पर्शी कार्ड. झाकणात जागा ४५ × ३५ मि.मी., पूर्ण कार्ड मावत नाही. कापून चालेल का?

साडेतेरा_पॉइंट_छप्पन्न

तुमचे दोन आकडेच सगळं सांगतात. इंडक्टन्स १.५ वरून ०.८५ वर आलं म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झला जुळवलेलं सर्किट १८ मेगाहर्ट्झच्या आसपास गेलं. कॉइलच्या क्षेत्रामुळे बॅटरीच्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये एडी करंट (भोवऱ्यासारखा फिरणारा प्रवाह) वाहतो आणि तो मूळ क्षेत्राच्या उलट क्षेत्र तयार करतो. मग कार्डाला वीजच पुरत नाही. कार्ड जागंच झालं नाही तर रिसिव्हर गेन ४८ करा नाहीतर ४८०, ऐकायला समोर कोणी नाही.

उपाय फेराइट शीटचा, पण कोणतीही शीट नाही. १३.५६ मेगाहर्ट्झला म्यू-प्राइम (क्षेत्र वाहून नेण्याची क्षमता) १२० ते १५० आणि म्यू-डबल-प्राइम (त्यात होणारं नुकसान) ५ च्या खाली असलेली सिंटर्ड निकेल-झिंक शीट घ्या. तुमच्या जागेत ०.३ मि.मी. जाडी बसेल. शीट कॉइलला चिकटलेली हवी, बॅटरीला नाही. कॉइलच्या बाहेर चारी बाजूंनी ३ ते ५ मि.मी. जास्त ठेवा, म्हणजे ५८ × ४८ च्या आसपास. कॉइलच्या मापाचीच कापली तर क्षेत्र कडेवरून वळून बॅटरीत शिरतं. ही चूक सगळ्यात जास्त होते.

आता खरं काम, मॅचिंग, म्हणजे कपॅसिटर-रेझिस्टर निवडून कॉइल चिपशी १३.५६ ला जुळवणं. शीट चिकटवली, बॅटरी जागेवर ठेवली, डबा बंद केला, त्यानंतरच मोजायचं. टेबलावर मोकळ्या बोर्डाचं मॅचिंग करणं म्हणजे बुटाचं माप अनवाणी नाही, पायमोजे घालून घ्यायचं असतं हे विसरणं. मॅचिंगचे कपॅसिटर काढून कॉइलच्या दोन टोकांना केबल जोडा, केबल झाकणाच्या फटीतून बाहेर काढा आणि नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट करा. इंडक्टन्स १ मेगाहर्ट्झला वाचा. समजा ते १.७ मायक्रोहेन्री आलं. १३.५६ ला रिॲक्टन्स १४५ ओहम. क्यू (रिॲक्टन्स भागिले रोध) २५ ठेवायचा तर एकूण रोध ५.८ ओहम. फेराइट आणि बॅटरीसकट कॉइलचा स्वतःचा रोध १.६ धरला तर उरले ४.२, ते दोन बाजूंना वाटून २.१. बाजारातला २.२ ओहमचा रेझिस्टर कॉइलच्या दोन्ही टोकांना एकेक टाका.

क्यू ६० ठेवला तर क्षेत्र जोरदार दिसेल, पण टाइप ए पद्धतीत (तुमचं कार्ड याच जातीचं) रीडर कॅरियर, म्हणजे १३.५६ ची मूळ लहर, क्षणभर तोडून आज्ञा देतो; ते छोटे खंड नीट पडत नाहीत आणि कार्डाला आज्ञाच कळत नाही. जवळ नेल्यावर वाचतो, मध्येच वाचत नाही, अजून जवळ नेला की पुन्हा वाचतो, असं दिसलं की आधी क्यूवर संशय घ्या.

ईएमसी फिल्टरला (चिप आणि अँटेना यांच्यामधला, नको त्या लहरी अडवणारा) ५६० नॅनोहेन्री आणि २२० पिकोफॅरड हा नेहमीचा जोड चालतो, कटऑफ १४.३ मेगाहर्ट्झला येतो. कपॅसिटर सगळे एनपीओ जातीचे सिरॅमिक, एक्स७आर जातीचे नको. इंडक्टर किमान ३०० मिलिअँपचे घ्या. निळ्या तयार बोर्डांवरचे दोन २.२ मायक्रोहेन्रीचे इंडक्टर बऱ्याचदा इतक्या कमी करंटचे असतात की भार आला की सॅच्युरेट होतात. तुम्ही सर्किट तिथून उतरवलं असेल तर पाचवा बोर्ड तिथेच अडकला असणार.

भडकमकर_मार्ग

शीट खरेदीबद्दल दोन शब्द. लॅमिंग्टन रोडला "फेराइट शीट" मागितलीत तर तीन वेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. पहिली काळी, रबरासारखी वाकणारी ईएमआय (विद्युत गोंगाट दाबणारी) शीट. ती मुद्दाम क्षेत्र खाऊन टाकायला बनवलेली असते, अँटेनामागे लावली की रेंज आणखी घटते. दुसरी जुन्या फोनच्या वायरलेस चार्जिंग कॉइलमागची, बहुधा नॅनोक्रिस्टलाइन किंवा मँगनीज-झिंकची. ती १००-२०० किलोहर्ट्झसाठी असते, १३.५६ ला तिचं नुकसान फार. तिसरी हवी ती. डेटाशीट दाखवत नसतील तर दुकानात वाद घालू नका, तुकडा घेऊन या आणि कॉइलमागे ठेवून नॅनोव्हीएनएवर बघा. इंडक्टन्स वाढायला हवं आणि रोध फारसा वाढायला नको. दोन्ही वाढले तर शीट परत करा.

सिंटर्ड शीट काचेसारखी ठिसूळ असते. चांगल्या शीटला आतून बारीक चौकटीत आधीच तडे दिलेले असतात आणि दोन्ही बाजूंना पातळ फिल्म असते, म्हणून ती थोडी वाकते. कात्रीने कापू नका, कड भुगा होते आणि तो भुगा डिस्प्लेच्या कनेक्टरमध्ये जातो. पट्टी ठेवून नव्या पात्याने फिल्म कापा आणि मग दुमडून तोडा.

पाउच बॅटरी वर्षा-दोन वर्षांत फुगते. जाडीच्या १० टक्के जागा सोडायची म्हणतात, तुमच्या ६ मि.मी. ला ०.६. तुमच्या १.२ मधून शीटचे ०.३ आणि गोंदाचे ०.१ गेले की ०.८ उरतात, म्हणजे बसतंय. तिथे फोम भरू नका. फुगलेली बॅटरी फोममधून शीटवर दाब देते, शीट तडकते आणि सहा महिन्यांनी "आधी चालत होतं" अशी तक्रार येते.

आणखी एक. कॉइलभोवती ग्राउंड पोर (बोर्डावरचा ग्राउंडचा तांब्याचा थर) असेल तर त्याची बंद कडी होऊ देऊ नका. बंद कडी म्हणजे शॉर्ट झालेली एक फेरी. कुठेतरी १ मि.मी. ची फट पाडा. डिस्प्लेची धातूची चौकटही कॉइलच्या कडेपासून ५ मि.मी. तरी लांब हवी.

एनॅमल_वायर

कार्ड कापू नका. क्लासिक कार्डाचा अँटेना ८५.६ × ५४ च्या कडेकडेने चार-पाच फेऱ्या फिरलेला असतो. कुठेही कात्री लावली की फेऱ्या तुटल्या, कार्ड मेलं. टॉर्च मागे धरली की पांढऱ्या कार्डात तार कुठून जाते ते दिसतं, खात्री करून घ्या.

सरळ मार्ग असा: गेट सांभाळणाऱ्यांकडून त्याच चिपचा लहान टॅग किंवा कीफॉब नोंदवून घ्या. २५-३० मि.मी. चा गोल टॅग तुमच्या जागेत आरामात बसतो. यूआयडीची (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाची) नक्कल करायच्या फंदात पडू नका. ते चुकीचंही आहे आणि नोंदणीला दहा मिनिटं लागतात.

टॅग मिळत नसेल आणि कार्डातलं मॉड्यूलच (चिप बसवलेला छोटा तुकडा) वापरायचं असेल तर कॉइल नव्याने गुंडाळावी लागेल. या चिपचं इनपुट कपॅसिटन्स १७ पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे १३.५६ ला ८.१ मायक्रोहेन्री लागतात. (एनटॅग२१५ ही दुसरी टॅगची चिप असती तर ५० पिकोफॅरड, मग २.७५ मध्ये भागलं असतं. म्हणून एका चिपचा अँटेना दुसरीला लावून चालत नाही.) ३५ × २५ च्या साच्यावर ०.१ मि.मी. एनॅमल तारेच्या अकरा फेऱ्यांनी सुरुवात करा. मागे फेराइट लावा, कारण इथेही पलीकडे बॅटरीच आहे, आणि एकेक फेरी सोडवत रेझोनन्स १४ मेगाहर्ट्झजवळ आणा. फेराइटमुळे इंडक्टन्स वाढतं, त्यामुळे नऊच्या आसपास थांबाल. नॅनोव्हीएनएला एका फेरीचं पिकअप लूप जोडून कॉइलवर ५ मि.मी. उंच धरलं की खड्डा दिसतो. नॅनोव्हीएनएची शक्ती कमी असते, चिप खऱ्या रीडरसमोर जागी झाली की आकडा थोडा सरकतो, म्हणून शेवटची परीक्षा गेटवरच.

मॉड्यूल काढायला ॲसिटोनमध्ये पीव्हीसी फुगून सुटतं. पीईटीचा थर असेल तर तो तसाच राहतो, मग ओढाताण करू नका, तार मॉड्यूलच्या पॅडजवळून तुटते. बँकेच्या किंवा मेट्रोच्या एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड) कार्डावर हा प्रयोग अजिबात नको. ते कार्ड बँकेचं असतं आणि ऑफलाइन शिल्लक कार्डातच असते. शिवाय ड्युअल इंटरफेस कार्डांत (खाचेत घालूनही आणि टेकवूनही चालणाऱ्या) बऱ्याचदा मॉड्यूल आणि मोठा अँटेना तारेने जोडलेलेच नसतात, मॉड्यूलमागची छोटी कॉइल मोठ्या कॉइलशी नुसती कपल होते. काढून हाती काही लागत नाही.

नवशिक्या_दादर

एवढी उठाठेव कशाला? पीएन५३२ ही रीडर चिप टाका, त्यात कार्ड एम्युलेशन (स्वतःच कार्ड असल्याचं सोंग घेणं) आहे. एकच चिप, एकच अँटेना, रीडरही तीच आणि कार्डही तीच.

साडेतेरा_पॉइंट_छप्पन्न

दादरकर, कल्पना चांगली, पण या गेटवर चालणार नाही. पीएन५३२ टार्गेट (कार्डाच्या भूमिकेत) झाला की त्याच्या यूआयडीचा पहिला बाइट ०८ वर पक्का असतो, बाकीचे तीनच तुम्ही ठरवता. गेट यूआयडी बघत असेल तर नोंद जुळणार नाही, आणि गेट सेक्टरची किल्ली तपासत असेल तर क्लासिकचं क्रिप्टो-१ (त्या कार्डाची सांकेतिक पद्धत) तो एम्युलेट करत नाही. फोनमधलं एचसीईही (फोनने कार्डाचं काम करणं) याच कारणाने जुन्या गेटांवर अडतं. गेट आयएसओ १४४४३-४ या नव्या प्रमाणपद्धतीने कार्डातलं ॲप्लिकेशन निवडत असतं तर तुमचाच सल्ला मी दिला असता.

कुर्ला, एक गोष्ट राहिली. पुढचा रीडर मागचं कार्ड वाचेल का? मधल्या बॅटरीत ॲल्युमिनियम आणि तांब्याचे पदर आहेत. १३.५६ ला तांब्याची स्किन डेप्थ १८ मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे आरपार काही जात नाही. पण कडेवरून जातं. कार्डाची कॉइल बॅटरीच्या कडेपासून ५ मि.मी. आत ठेवा. तरीही कधी कधी दिसलंच तर सॉफ्टवेअरमध्ये तो यूआयडी ओळखून त्याला हॉल्ट (गप्प राहण्याची आज्ञा) द्या आणि पुढे कार्ड शोधायला २६ हेक्सची आरईक्यूए ही हाक वापरा. ५२ हेक्सची डब्ल्यूयूपीए ही दुसरी हाक हॉल्ट झालेल्यालाही उठवते. वीज वाचवायला कार्ड शोधण्याच्या दोन फेऱ्यांमध्ये रीडरचं क्षेत्र बंद करत असाल तर हॉल्ट पुसलं जातं, प्रत्येक वेळी नव्याने द्यावं लागेल.

कुर्ला_बेंच

शीट ०.३ ची, ५८ × ४८ कापली. बंद डब्यात १.६८ मायक्रोहेन्री आलं, २.२ ओहम टाकले, इंडक्टर बदलले. पाचही बोर्ड २७ मि.मी. वरून वाचतात. गेटसाठी ३० मि.मी. चा टॅग नोंदवून घेतला, मागे फेराइटसकट चालतो. आता एकच: डिस्प्लेचा बॅकलाइट पूर्ण उजळला की रेंज २७ वरून १५ वर येते. क्षेत्र कमी होतंय की दुसरं काही?

भडकमकर_मार्ग

अंदाज नको, मोजा. ७२ × ४२ मि.मी. ची एका फेरीची तार पुठ्ठ्यावर चिकटवा, टोकं ऑसिलोस्कोपला. प्रमाणित चाचणीतली कॅलिब्रेशन कॉइल याच मापाची असते: १ अँपिअर प्रति मीटरला ०.३२ व्होल्ट आरएमएस. कार्डाला किमान १.५ अँपिअर प्रति मीटर लागतात, म्हणजे पीक-टू-पीक साधारण १.३६ व्होल्ट. प्रोबची ग्राउंड वायर लांब सोडू नका, तीच अँटेना होते. बॅकलाइट चालू-बंद करून पाहा.

साडेतेरा_पॉइंट_छप्पन्न

आकडा हलला नाही तर क्षेत्र ठीक आहे, रिसिव्हर बहिरा होतोय. कार्डाचं उत्तर ८४७.५ किलोहर्ट्झच्या सबकॅरियरवर (मूळ लहरीवर चढवलेली छोटी लहर) येतं, म्हणजे १२.७१ आणि १४.४१ मेगाहर्ट्झला. बॅकलाइटचा बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं स्विचिंग सर्किट) १.६ मेगाहर्ट्झचा असेल तर त्याची नववी हार्मोनिक (नऊपट फ्रिक्वेन्सी) १४.४ ला, थेट १४.४१ च्या डोक्यावर. १.८ चा असेल तर आठवी तिथेच. स्विचिंग फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर बदला. नसेल तर कार्ड वाचतानाच्या काही मिलिसेकंदांत बॅकलाइट बंद ठेवा, डोळ्याला कळत नाही. आणि गेन ४८ वरून ३८ वर आणा. ४८ ला गोंगाटही तितकाच मोठा होतो.

कुर्ला_बेंच

१.४१ व्होल्ट, बॅकलाइट चालू-बंद दोन्हीला तोच. बूस्ट १.६ चाच निघाला. वाचताना बॅकलाइट बंद आणि गेन ३८: २६ मि.मी. धन्यवाद मंडळी.